व्हॅम्पायर दारात उभा असतो, पण त्याला आत बोलावतं कोण? धारपांच्या ‘लुचाई’मागची गोष्ट

उन्हाळ्याची सुट्टी, मामाचं गाव, गेलेली लाइट आणि हातात नारायण धारप. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची भीतीशी पहिली ओळख अशीच झाली. सातारा असो की सांगली, वाचनालयातलं धारपांचं पुस्तक ओळखायला नाव वाचावं लागत नसे. पुठ्ठा सुटलेला, कोपरे दुमडलेले आणि मागच्या तारखांच्या कागदावर शिक्क्यांची गर्दी. इतक्या हातांतून फिरलेलं पुस्तक म्हणजे एक तर रहस्यकथा, नाहीतर धारप.

याच धारपांची एक गाजलेली कादंबरी म्हणजे ‘लुचाई’. ही मराठीतली व्हॅम्पायर कादंबरी. म्हणजे रक्त पिणारं, मेलेलं असून न मेलेलं पिशाच्च आणि त्याच्या तावडीत सापडलेली साधी माणसं.

वरवर पाहिलं तर सरळ हिशोब आहे. पिशाच्च वाईट, माणसं चांगली. पण अशी कादंबरी खाली ठेवल्यावर काही वाचकांना भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी छळायला लागतं. पिशाच्च वाईट होतं हे ठीक, पण त्याला गावात जागा कोणी दिली? ज्यांना आपण नायक म्हणालो, त्यांनी जे केलं ते बरोबर होतं का? आणि आवडत्या लेखकाची ही गोष्ट मुळात त्याची होती का?

एकेक प्रश्न नीट बघूया.

आधी धारप कोण, ते समजून घ्या

नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा, निधन १८ ऑगस्ट २००८ चं. भयकथा, गूढकथा, विज्ञानकथा अशा तिन्ही वाटांवर त्यांनी भरपूर लिहिलं. ‘चेटकीण’, ‘शपथ’, ‘अनोळखी दिशा’, ‘४४० चंदनवाडी’ ही त्यातली काही नावं. दुष्ट शक्तींशी लढणारा त्यांचा ‘समर्थ’ हा नायक तर वाचकांना घरच्यासारखा झाला होता.

समीक्षकांनी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, अशी त्यांच्या चाहत्यांची जुनी तक्रार आहे. पण वाचक सुटला नाही. त्यांची पुस्तकं आजही नव्या आवृत्त्यांमध्ये मिळतात.

नव्या पिढीला धारपांचं नाव कळलं ते ‘तुंबाड’मुळे. २०१८ साली आलेल्या या हिंदी सिनेमाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं होतं, की लहानपणी एका मित्राने त्यांना धारपांची एक कथा ऐकवली आणि ती डोक्यातून गेलीच नाही. सिनेमातल्या आजीचा धागा धारपांच्या ‘आजी’ या कथेशी जुळतो. आणि गंमत म्हणजे ती ‘आजी’ अमेरिकन लेखक स्टीफन किंगच्या एका कथेवरून आलेली होती.

इथूनच ‘लुचाई’चा धागाही पकडता येतो.

‘लुचाई’ आली कुठून?

‘लुचाई’चं मूळ आहे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ ही कादंबरी. ती १९७५ साली प्रसिद्ध झाली. किंगची ही दुसरीच कादंबरी.

किंग तेव्हा शाळेत शिक्षक होता आणि मुलांना ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ शिकवत होता. एकदा जेवताना बायकोशी गप्पा चालल्या असताना विषय निघाला, की हा ड्रॅक्युला आज अमेरिकेत आला तर काय होईल? मोठ्या शहरात नाही, एखाद्या लहानशा गावात आला तर? त्या गप्पांमधून कादंबरी उभी राहिली.

लहान गावच का? कारण लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, असं आपण धरून चालतो. कोणाच्या घरी काय शिजतंय, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, सगळं माहीत असतं. आणि तरीही गावातली माणसं एकेक करून नाहीशी व्हायला लागतात तेव्हा कोणी काही बोलत नाही. ही कल्पना सातारा-सांगलीकडच्या वाचकाला परकी वाटण्याचं काही कारण नाही. म्हणूनच ती मराठीत आणावीशी वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

यात चांगलं-वाईट गुंतागुंतीचं कुठे होतं?

(इथून पुढे मूळ इंग्रजी कादंबरीतले काही प्रसंग उघड होतात. ‘लुचाई’ किंवा ‘सालेम्स लॉट’ वाचायची बाकी असेल, तर पुढच्या उपशीर्षकावर उडी मारा.)

व्हॅम्पायरच्या गोष्टींमध्ये एक जुना नियम आहे. बोलावल्याशिवाय तो उंबरठा ओलांडू शकत नाही. घरातल्या कोणीतरी ‘ये’ म्हणावं लागतं.

किंगने हा नियम अख्ख्या गावाला लावला. गावाबाहेरचा पडका, बदनाम वाडा एका परक्या माणसाला हवा असतो. गावातला जमीनजुमल्याचा दलाल तो मिळवून देतो. बदल्यात त्याला अशी जमीन मिळते, जिची किंमत पुढे प्रचंड वाढणार असते. अट एकच, फार प्रश्न विचारायचे नाहीत. आणि तो विचारत नाही. म्हणजे पिशाच्च गावात घुसतं ते मंत्राने नाही, रीतसर व्यवहाराने.

गावही काही देवमाणसांचं नाही. कोणी तान्ह्या पोराला मारतंय, कोणी बायकोला, कोणी दुसऱ्याच्या गुपितावर टपून बसलंय. पिशाच्च यायच्या आधीच गाव आतून पोखरलेलं आहे. सगळा गोंधळ सुरू झाल्यावर गावचा पोलीस काय करतो? गाडीत सामान भरतो आणि निघून जातो.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा.

पहिल्यात मार्क नावाचा शाळकरी मुलगा आहे. रात्री त्याच्या खिडकीशी त्याचा मेलेला मित्र येतो आणि आत घे म्हणून विनवतो. मार्क खेळण्यातला प्लॅस्टिकचा क्रूस पुढे धरतो. पिशाच्च मागे हटतं.

दुसऱ्यात फादर कॅलहन नावाचे धर्मगुरू आहेत. त्यांच्या हातात खरा क्रूस आहे. पिशाच्चाने मार्कला धरून ठेवलंय आणि तो सौदा करतो, की मी मुलाला सोडतो, तू क्रूस फेकून दे आणि नुसत्या श्रद्धेवर माझ्यासमोर उभा राहा. मुलगा सुटतो. पण फादरचा हात काही उघडत नाही. वस्तूवरचा विश्वास सोडवत नाही, आणि त्याच क्षणी त्या क्रूसाचं तेज जातं.

खेळण्यातला क्रूस चालला, खरा चालला नाही. मग फादर वाईट माणूस का? नाही. तो घाबरलेला माणूस आहे. पण त्याच्या घाबरण्याची किंमत मोठी आहे. पुढे तो स्वतःच्या चर्चमध्येही पाऊल ठेवू शकत नाही.

आणि नायक? त्याचं ज्या मुलीवर प्रेम आहे, तीच पिशाच्च होते. तिच्या छातीत खुंटी ठोकायचं काम त्यालाच करावं लागतं. ती मेलेली आहे, हे त्याला माहीत आहे. हात तरीही त्याचेच असतात. वाचकाला तो प्रसंग ‘बरं झालं, एक पिशाच्च कमी झालं’ असं म्हणत पुढे जाऊ देत नाही.

किंगनंतर वर्षभरातच, १९७६ साली, ॲन राइसची ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ आली. तिने तर पिशाच्चालाच आपली कहाणी सांगायला बसवलं. माणूस मारल्याचा पश्चात्ताप होणारा, तरी मारल्याशिवाय जगू न शकणारा व्हॅम्पायर. तिथून पुढे ‘पिशाच्चाची बाजू’ हा एक वेगळा साहित्यप्रकारच झाला.

मराठी मातीत व्हॅम्पायर रुजवणं अवघड का आहे?

कारण व्हॅम्पायरला शरीर लागतं. तो थडग्यातून, शवपेटीतून उठतो.

आपल्याकडे बहुतेक हिंदू घरांत माणूस गेला की दहन करतात. शरीरच राहत नाही, मग उठणार काय? (लिंगायत समाजात आणि इतरही काही समाजांत दफन होतं, मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांत तर होतंच. पण भुतांच्या लोककथांवर छाप पडली ती दहनाच्या कल्पनेची.) म्हणून आपली भुतं अंगापेक्षा इच्छेची बनलेली असतात. काहीतरी राहून गेलेलं असतं आणि ते फिरत राहतं.

गावाकडची यादी काढा. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. बाळंतपणात किंवा गरोदरपणात गेलेली बाई हडळ होते. पाण्याच्या जागी आसरा असतात.

जरा थांबून बघितलं, तर ही सगळी अन्याय झालेली माणसं आहेत. बाळंतपणात वैद्यकीय मदत न मिळालेली बाई मेल्यावर गावाची वैरीण ठरते. तिच्यावर जिवंतपणी काय गुजरलं, हे कोणी विचारत नाही. पिंपळाखालून जाताना आपण घाबरतो, पण गोष्ट नीट ऐकली तर भीतीपेक्षा वाईट जास्त वाटायला हवं.

म्हणजे चांगल्या-वाईटाची सरमिसळ मराठी भुतांमध्ये आधीपासून होती. ती इंग्रजीतून आणावी लागली नाही.

आपला ‘व्हॅम्पायर’ तर कोडी घालत होता

सर रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० साली एक पुस्तक काढलं. नाव होतं ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’. हा व्हॅम्पायर कोण? आपला वेताळ. पुस्तक म्हणजे वेताळपंचविशीतल्या निवडक गोष्टी.

गंमत अशी, की ‘ड्रॅक्युला’चा लेखक ब्रॅम स्टोकर या बर्टनला भेटला होता. १९०६ साली लिहिलेल्या आठवणींमध्ये स्टोकरने बर्टनचा चेहरा वर्णन केलाय आणि बोलताना वरचा ओठ उचलला की त्याचा सुळा कसा चमकायचा, हेही नोंदवलंय. यावरून ड्रॅक्युला वेताळातून आला असं म्हणणं ताणलेलं होईल. पण दोघांची ओळख होती, एवढं पक्कं.

मराठीत वेताळपंचविशी छापील रूपात फार आधीच आली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तिचं मराठी रूप तयार केलं होतं. पुढे ‘चांदोबा’ वाचणाऱ्या प्रत्येक घरात विक्रम आणि वेताळ पोचले.

आता त्या गोष्टीचा सांगाडा आठवा. राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. प्रेतात वेताळ आहे. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर.

प्रश्नही साधे नसतात. एका गोष्टीत नवरा आणि भाऊ या दोघांची मुंडकी चुकून अदलाबदल होऊन धडांना जोडली जातात. आता त्या बाईचा नवरा कोणता? चोर मोठा की राजा, त्याग मोठा की कर्तव्य, अशी ही कोडी. भूत राजाला न्याय शिकवतंय.

आणि शेवट? राजाला हे प्रेत आणायला कोणी सांगितलेलं असतं? एका साधूने. शेवटी वेताळच राजाला सावध करतो, की हा साधू तुझाच बळी देणार आहे. म्हणजे ज्याची भीती वाटत होती, ते भूत जीव वाचवतं. आणि ज्याच्या पाया पडलो, तो मारायला निघालेला असतो.

हा शेवट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

उसनी गोष्ट म्हणजे चोरी का?

‘लुचाई’ आवडलेल्या वाचकाला जेव्हा कळतं, की ही किंगच्या कादंबरीवरून आली आहे, तेव्हा थोडा हिरमोड होतोच. ‘शपथ’चं नातंही किंगच्याच ‘इट’शी सांगितलं जातं. मग लहानपणी ज्याच्यासाठी रात्री जागवल्या, तो लेखक खरा कोणता?

याचं उत्तर शोधायला सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊ. कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात, त्या हरिपूरमध्ये १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला. ‘संगीत शारदा’ त्यांचं स्वतंत्र नाटक. पण ‘झुंझारराव’ हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं रूपांतर आहे आणि ‘संशयकल्लोळ’ची मुळं फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जातात. आज ‘संशयकल्लोळ’ बघताना कोणाला ते फ्रेंच वाटतं?

आता साताऱ्याकडे. कराडजवळच्या टेंभू गावात १८५६ साली गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. महाराष्ट्रातल्या बुद्धिवादी परंपरेचं हे मोठं नाव. त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केलं. आणि ‘हॅम्लेट’ सुरू होतं कशाने? भुताने. मेलेला राजा मुलाला दिसतो, माझा खून झाला म्हणतो आणि सूड मागतो. हे भूत खरं बोलतंय की आपल्याला पापात ढकलतंय, या एका शंकेवर सगळं नाटक चालतं.

आगरकरांचा भुतांवर विश्वास नव्हता. पण भुताच्या गोष्टीत माणसाच्या मनाबद्दल काय सापडतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तरीही कायद्याची बाजू वेगळी आहे. शेक्सपिअर आणि मोलिएर केव्हाच सर्वांचे झालेत. किंग हयात आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतराचा आणि रूपांतराचा हक्क मूळ लेखकाकडे असतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत तो टिकतो. मात्र नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालच्या आर. जी. आनंद प्रकरणात हा फरक स्पष्ट केला. ‘गावात व्हॅम्पायर येतो’ ही कल्पना झाली. त्या गावातली माणसं, प्रसंग आणि त्यांची गुंफण ही कलाकृती झाली.

व्हॅम्पायरच्या इतिहासातच याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे. १९२२ साली जर्मनीत ‘नोस्फेरातू’ हा मूकपट आला. ‘ड्रॅक्युला’वरूनच बनवलेला, नावं बदललेली, परवानगी नाही. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स कोर्टात गेली. १९२५ साली सिनेमाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला.

काही प्रती वाचल्या. आज तो सिनेमा जागतिक अभिजात कलाकृतींमध्ये गणला जातो. एवढंच नाही, उन्हाने व्हॅम्पायर मरतो हा नियम त्या सिनेमाने आणला. मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो! म्हणजे परवानगी न घेतलेल्या रूपांतराने मूळ दंतकथाच बदलून टाकली.

फ्लोरेन्स चुकली का? नाही. तिचा हक्क होता. सिनेमा जळायला हवा होता का? तेही म्हणवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. धारप आवडणं आणि ‘मूळ किंगचं आहे’ हे मोकळेपणाने सांगणं, या दोन्ही गोष्टीही एकत्र राहू शकतात. मराठी वाचकाला इंग्रजी पुस्तकं सहज मिळत नव्हती त्या काळात धारपांनी हे जग दारात आणून ठेवलं, हे श्रेय कोणी काढून घेऊ शकत नाही. आणि मूळ रचनेचं श्रेय किंगचं, तेही.

दाभोलकरांच्या साताऱ्यात भुताची पुस्तकं?

आता खरा अवघड प्रश्न.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. कॉलेजचं शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात, डॉक्टरकी मिरजेत. काही वर्षं साताऱ्यात दवाखाना चालवल्यावर त्यांनी आयुष्य अंधश्रद्धा निर्मूलनाला दिलं आणि १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला.

मग ज्या मातीत ‘भूत नसतं’ हे सांगायला माणसाला जीव द्यावा लागला, तिथे भुताच्या गोष्टी चवीने वाचणं बरोबर आहे का?

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, हे सगळं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. कायद्याचा रोख कृतीवर आहे. छळ, फसवणूक, लूट यांवर. कादंबरीवर नाही.

कादंबरी वाचक आणि लेखक यांच्यातल्या करारावर चालते. दोघांनाही माहीत असतं की हे खोटं आहे. पुस्तक मिटलं की करार संपतो. भोंदू मात्र हा करार लपवतो. तो म्हणतो, हे खरं आहे आणि यावर उपाय फक्त माझ्याकडे आहे.

हा फरक कागदी वाटत असेल, तर सांगली जिल्ह्यातल्याच दोन घटना आठवा. दोन्ही २०२२ च्या.

जूनमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात एकाच कुटुंबातल्या नऊ जणांचे मृतदेह सापडले. सुरुवातीला कर्जापायी सामूहिक आत्महत्या, अशी बातमी आली. काही दिवसांनी पोलिसांनी सांगितलं, की हा खून असल्याचा संशय आहे. गुप्तधन काढून देतो म्हणून कुटुंबाकडून पैसे घेतलेल्या मांत्रिकाने विष दिल्याचा आरोप ठेवत अटक झाली.

सप्टेंबरमध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली. ते साधे यात्रेकरू होते. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरतच होत्या.

आता वेताळपंचविशीचा शेवट आठवा. म्हैसाळच्या बाबतीत तो जसाच्या तसा लागू पडतो. ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याच्यावरच जीव घेतल्याचा आरोप. पण लवंगामध्ये तीच शिकवण उलटी फिरते. तिथे साधूच्या वेशातले निरपराध होते आणि धोका होता तो घाबरलेल्या गावाचा. म्हणजे वेशावरून काहीच कळत नाही. ना साधूच्या, ना भुताच्या.

भीतीला चेहरा लागतो

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात १८९२ साली मर्सी ब्राऊन नावाची १९ वर्षांची मुलगी क्षयाने गेली. त्याआधी तिची आई आणि बहीणही क्षयानेच गेल्या होत्या. भाऊ एडविन आजारी होता. गावकऱ्यांनी ठरवलं, की मेलेल्यांपैकीच कोणीतरी त्याचं रक्त पितंय. थडगी उघडली. मर्सी थंडीत गेलेली, त्यामुळे तिचं शरीर फारसं कुजलं नव्हतं. गावाला तेवढा पुरावा पुरला. तिचं काळीज जाळून राख पाण्यात कालवून भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने त्याच्या दहा वर्षं आधी, १८८२ सालीच शोधला होता. ज्ञान होतं, पण ते त्या गावापर्यंत पोचलं नव्हतं.

त्या आजाराच्या खुणा सातारा-सांगलीतही आहेत. पाचगणीचं बेल-एअर रुग्णालय १९१२ साली क्षयरोग्यांसाठीच सुरू झालं. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीतही क्षयाचं आरोग्यधाम उभं राहिलं. घरातला माणूस खंगत जातो, खोकल्यातून रक्त येतं, मग शेजारचा दुसरा खंगतो. कारण माहीत नसेल तर ‘कोणीतरी रक्त शोषतंय’ असंच वाटणार. मर्सीच्या गावाने थडगं उकरलं. इथे हवा, विश्रांती आणि पुढे औषधं आली. भीती दोन्हीकडे सारखीच होती, फरक पडला तो उत्तर कुठे शोधलं याने.

मग ‘लुचाई’ वाचायची की नाही?

जरूर वाचायची. पण या प्रकारातली चांगली कादंबरी वाचकाला जे विचारते, ते टाळायचं नाही.

भोंदू सांगतो, वाईट बाहेरून आलं आणि त्याचा चेहरा मी दाखवतो. शेजारीण चेटकीण आहे, परका माणूस पोरं पळवतो. व्हॅम्पायरची चांगली कादंबरी नेमकं उलटं सांगते. पिशाच्च बाहेरचं असेल, पण दार आतून उघडलं. कोणी पैशासाठी, कोणी भीतीने, कोणी नुसतं गप्प राहून. ‘तुंबाड’मध्येही खजिन्याजवळचं पिशाच्च कोणाच्या मागे लागत नाही. माणूसच पिढ्यान् पिढ्या दोर टाकून खाली उतरतो.

म्हणून अशा पुस्तकाचा वाचक अंधश्रद्ध होईलच असं नाही. उलट, ‘इतक्या स्वस्तात वाडा का विकला गेला?’ असा प्रश्न विचारायची सवय लागलेला माणूस ‘इतक्या सहज गुप्तधन कसं मिळेल?’ हेही विचारू शकतो. सवय लागली तर.

पुस्तकं शोधायला लांब जायची गरज नाही. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. तिथे गावकऱ्यांनी आपल्या घरांचे दरवाजे वाचकांसाठी उघडलेत. स्ट्रॉबेरी खात कोणाच्याही ओसरीवर बसून पुस्तक वाचता येतं. सांगलीकरांना पुस्तकाची किंमत वेगळी सांगायला नको. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी वाचनालयात शिरलं आणि भिजलेली पुस्तकं टाकून द्यावी लागली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

भिलारमध्ये अनोळखी माणूस दारात आला की ‘या, बसा’ म्हणतात. लवंगामध्ये अनोळखी माणूस दिसला आणि काठ्या निघाल्या. व्हॅम्पायरच्या गोष्टीतला उंबरठा तो हाच. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, आणि ते ठरवताना आपण डोळे उघडे ठेवलेत की घाबरून मिटलेत, एवढाच प्रश्न आहे.

आणि हो, वाचताना लाइट गेली तर पुस्तक मिटून झोपा. सकाळी उजेडात परत उघडा. भीती ओसरलेली असेल, प्रश्न मात्र तिथेच असतील.